बारा डाव

पुणे,
रविवार, पहाटे

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून तुला पत्र लिहितेय, कारण रात्री दीड वाजता तुझ्या दारात उभी राहून मी जे बोलले ते बोलायची ती वेळ नव्हती. तू लॅपटॉप आपटलास आणि म्हणालास, "माझं डोकंच गेलंय आई. मी मठ्ठ आहे." ते शब्द माझ्या मनातून जात नाहीत.

बुद्धिबळाचा तो शेवटचा डाव मी मागे उभी राहून बघितला. समोरच्याचा घोडा एकाच उडीत तुझ्या राजाला शह देणार आणि वजीरही घेणार, हे मलासुद्धा दिसलं. तीन मिनिटांच्या डावात तुझ्या घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद शिल्लक होते. तू क्षणात कडेचं प्यादं ढकललंस. डाव सोडलास तेव्हाही दीड मिनिट तसंच पडून होतं. सोहम, तुला दिसलं नाही असं नाही रे, तू बघितलंच नाहीस.

गेल्या रविवारी टेकडीवरून येऊन, पोह्यांची बशी हातात घेऊन तू सलग नऊ डाव जिंकलास. "आई, आज सगळं दिसतंय," म्हणालास. सात दिवसांत कुणी मठ्ठ होत नाही.

तुला हिशेब आवडतो, म्हणून हिशेब सांगते. ती साइट तुझ्यापुढे तुझ्याच तोडीचा गडी आणून बसवते. बरोबरीचे डाव सोडले तर जिंकणं-हरणं निम्मं निम्मं. मग सलग सहा डाव हरण्याची शक्यता 64 त 1. तू महिन्याला दोनशे डाव खेळतोस, त्यात अशी एखादी माळ लागायचीच. जिंकण्याचीही तशीच लागते, आणि तेव्हा आपण काही आकाशाला हात लावलेला नसतो. पण काल तू सलग बारा हरलास. ती शक्यता 4096 त 1. शिवाय तुझं रेटिंग, म्हणजे साइटने दिलेला ताकदीचा आकडा, 1543 वरून 1449 पर्यंत उतरताना समोरचे गडीही हलके होत गेले, तरी तू हरत राहिलास. पहिले चार-पाच नशिबावर सोडू. पुढचे सगळे थकव्याचे.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण तीस वर्षं प्रुफं तपासतेय. काही दिवशी पान उघडताच चुकलेली वेलांटी डोळ्यात खुपते. काही दिवशी तीच ओळ तीनदा वाचूनही काही लागत नाही. तू दुसरीत होतास तेव्हा एका स्मरणिकेचं शेवटचं प्रूफ मी रात्री घेऊन बसले. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय हे मला कळत होतं. तरी म्हटलं, एवढं उरकून टाकू. छापून आलं तेव्हा हयात असलेल्या एका गृहस्थांच्या नावाआधी "श्री." ऐवजी "कै." होतं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून एक ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली की मी पेन खाली ठेवते. तुझी खूण तुलाच शोधावी लागेल. मला वाटतं, ती त्या घड्याळात आहे: वेळ शिल्लक असताना हात आधी आणि डोळे नंतर.

तुझे आजोबा 1984 मध्ये कार्पोव-कास्पारोव लढतीचे डाव वर्तमानपत्रातून कापून ठेवायचे आणि पटावर पुन्हा मांडायचे. सहा डाव जिंकेल तो जगज्जेता. कार्पोव 27 डावांनंतर 5-0 ने पुढे होता. पुढच्या 21 डावांत त्याला सहावा विजय मिळालाच नाही, उलट तीन हरला. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 1985 मध्ये लढत अर्धवट थांबवावी लागली. आजोबा म्हणायचे, बुद्धी तीच होती, माणूस दमला होता.

आणि तुझा गुकेश. सिंगापूरला 2024 मध्ये पहिलाच डाव हरला, तिसरा जिंकला. अकरावा जिंकून पुढे गेला आणि 9 डिसेंबरला बारावा हरून पुन्हा बरोबरीत आला. मग एक दिवस विश्रांती, तेरावा बरोबरीत, आणि 12 तारखेला चौदावा जिंकून जगज्जेता. तिथे दिवसाला एकच डाव असतो. हरल्यावर लगेच "पुन्हा खेळा" असं बटण समोर येत नाही. तुझ्यासमोर येतं. रात्री दीडला त्या बटणाला नाही म्हणणं मोठ्या माणसालाही जड जातं, हे मी जाणते.

मी वायफाय बंद करणार नाही. खेळ तुझा आहे, आणि तो तुला येतो. फक्त दोन डाव लागोपाठ हरलास की उठून स्वयंपाकघरात ये. मी जागी असले तर चहा करीन, नसले तर उठव.

आज पोटभर झोप. उठलास की एक डाव माझ्याशी खेळ, घड्याळ न लावता. आजोबांचा पट माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. एक काळा घोडा सापडत नाहीये, तुझ्या टेबलाच्या खणात बघशील का?

तुझी,
आई