काढा पुरे, सुमे

प्रिय सुमे,

वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागली, लघवीला जळजळतंय आणि तू परत गोखरूचा काढा घेत बसली आहेस, हे वाचून राहवलं नाही.

मागच्या वर्षी मीही हेच केलं. चार दिवस काढा घेतला, जळजळ थोडी कमी वाटली म्हणून तग धरला. पाचव्या रात्री अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले, आणि उजव्या बरगडीखाली पाठीत इतकी कळ की कूस बदलता येईना. जंतू मूत्राशयातून वर किडनीपर्यंत पोचले होते.

काढ्याला मी नावं ठेवत नाही. गोखरू लघवी सुटायला पिढ्यान् पिढ्या देत आलेत. पण लागलेला संसर्ग त्यानं बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. युरोपात याच दुखण्यावर बेअरबेरी नावाच्या झुडपाची पानं देतात. जर्मनीत 398 बायकांवर ती अँटिबायोटिकच्या तोडीला लावून पाहिली. अँटिबायोटिक कमी लागलं खरं, पण पानं घेतलेल्या बायकांना त्रास जास्त झाला आणि किडनीपर्यंत संसर्ग गेल्याच्या घटनाही जास्त निघाल्या. ते वाचताना मला माझी ती रात्र आठवली.

क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचं मात्र वेगळं आहे. बहुतेक वेळा हा त्रास देणारा ई. कोलाय हा जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो. क्रॅनबेरीतली द्रव्यं त्याला चिकटू देत नाहीत. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात फायदा दिसला नव्हता. 2023 मध्ये 50 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पाव हिश्शानं घटलेला दिसला. पण हे सगळं पुन्हा होऊ नये म्हणून. आत्ता जळजळतंय त्यावर नाही. आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

पाण्याचं तर मला फारच पटलं. कमी पाणी पिणाऱ्या, सारखा त्रास होणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. तू दिवसभर घोट घोट पितेस, मला माहीत आहे.

उद्याच डॉक्टरांकडे जा आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला, लघवी दे. पहिली धार सोडून मधली घे. आज रात्री ताप, थंडी, उलटी किंवा पाठीत कळ आली, तर सकाळची वाट बघू नकोस. किती वाजले ते न बघता मला फोन कर, मी सोबत येते.

तुझी,
शैला