बाबा, एफडी मोडायच्या आधी हे वाचा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते तर परत आपलं वाजलं असतं म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव, बाबा मोबाइलवर अर्धं वाचून सोडून देतात.

तर बाबा, सहा लाखांची एफडी मोडून सगळे टाटा स्टीलमध्ये टाकायचे असं तुमचं नि शेजारच्या काकांचं ठरलंय म्हणे. टाटा म्हणजे टाटा, मान्य, १९०७ पासूनची कंपनी आहे, उद्या गाशा गुंडाळून पळणार नाहीये. पण कंपनी टिकणं वेगळं आणि त्यात आपले पैसे वाढणं वेगळं.

आधी ते 'हजाराचा शेअर दीडशेला मिळतोय' डोक्यातून काढा. जुलै २०२२ मध्ये एका शेअरचे दहा केले हो, दहाची दर्शनी किंमत एक रुपया झाली, एका पोळीचे दहा तुकडे केले म्हणून पोळी स्वस्त होते का? काका सांगतात तो ५१ रुपयांचा डिव्हिडंडही (म्हणजे शेअरमागे मिळणारा नफ्यातला वाटा) त्याच्या आधीचा, आजच्या हिशोबात ५ रुपये १० पैसे, आणि पुढची तीन वर्षं ३ रुपये ६० पैसेच मिळाले. दीडशेचा भाव धरला तर सहा लाखांत चार हजार शेअर येतील, म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. पोस्टातल्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी ४९,२०० होतात, तेही दर तीन महिन्यांनी खात्यात. तुमची औषधं त्यातून येतात, बाबा.

आणि पोलादाचा धंदा आपल्या कांद्यासारखाच. भाव चढला की सगळे लावतात, मग एकदम धाडकन पडतो. २०२१-२२ ला नफा ४१ हजार कोटींच्या वर, दोनच वर्षांनी ४,९०० कोटींच्या आसपास तोटा. गंमत बघा, नफा असा फुगलेला असताना पी/ई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, चारच्या आसपास होता, शेअर फुकटात मिळतोय असं वाटायचं, आणि अशा धंद्यात नेमकं तेव्हाच सांभाळायचं असतं. चीन जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद बनवतं, त्यांनी माल स्वस्तात सोडला की इकडे जमशेदपूरला कितीही छान काम चालू असलं तरी भाव पडतोच.

मी इथे वेल्समध्ये कार्डिफहून स्वान्सीला जाते तेव्हा ट्रेनमधून टाटा स्टीलचा पोर्ट टॅलबटचा कारखाना दिसतो. २००७ ला टाटांनी इथली कोरस ही पोलाद कंपनी घेतली, हा कारखाना तिचाच, तेव्हा बाबा तुम्ही पेढे वाटायचेच बाकी होतात, आठवतंय? १२ अब्ज डॉलरचा सौदा, आणि पुढच्याच वर्षी जगभर मंदी. त्या कारखान्यातली शेवटची ब्लास्ट फर्नेस (कोळशावर लोखंड वितळवणारी मोठी भट्टी) ३० सप्टेंबर २०२४ ला विझवली, आता १.२५ अब्ज पौंडांची इलेक्ट्रिक भट्टी होतेय, त्यातले ५० कोटी पौंड इथलं सरकार देतंय. वर सांगितलेल्या तोट्यातही यूकेचाच मोठा हात होता. गाडीतून बघताना दर वेळी पोटात कसंतरी होतं, किती घरं त्यावर चालत होती.

चांगलं काहीच नाही असं नाही हां. झारखंडात नोआमुंडी, ओडिशात जोडा इथे स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत, ही खरी ताकद. ओडिशातल्याच कलिंगनगरच्या कारखान्याची वर्षाची क्षमता ३० लाखांवरून ८० लाख टनांवर नेलीय. पण त्या जुन्या खाणींचे पट्टे मार्च २०३० पर्यंतच आहेत, मग लिलाव, आणि तेव्हा खनिज कितीला पडेल हे काकांना विचारा बरं जरा. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोकिंग कोळसा तर बराचसा परदेशातूनच येतो.

हौस असेल तर ५० हजार घाला, तेही एकदम नाही, तीन-चार वेळा करून, भाव पडलेला असताना. बाकीचे पोस्टात. आणि काकांच्या भाच्याला डिमॅटचा (शेअर ठेवायच्या खात्याचा) ओटीपी अजिबात द्यायचा नाही, नॉमिनीत आईचं नाव टाका.

आई, एफडी जॉइंट आहे, तुझी सही लागते. करू नकोस.

तुमची,
चिमी