तक्रार : ‘पूर्ण तपासलेली’ डिझेल गाडी, पुसलेला कोड आणि ‘मिस्टरांना फोन द्या’

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : विकण्याआधी दोष माहीत असूनही लपवल्याबद्दल, आणि नंतरच्या वागणुकीबद्दल

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला आणि हे लिहायला बसले, त्यामुळे ‘आपण कुशल असाल’ वगैरे आज नाही. बुकिंग क्रमांक ई-मेलच्या विषयात दिला आहे. तुमच्याकडून घेतलेली सेकंड हँड गाडी २०२० ची, बीएस-६, डिझेल, किंमत ६,८५,०००, सगळी रक्कम एकदम भरलेली. ही गाडी तुम्ही तपासलीत, तुमच्या यादीत ‘इंजिन’ आणि ‘एक्झॉस्ट’पुढे हिरव्या खुणा तुम्ही केल्यात, तेव्हा डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी, हे तुम्हाला समजावत बसत नाही. तुमच्या माणसांना मात्र कोणीतरी समजावायला हवं.

तुमच्या पुण्याच्या यार्डात मी गाडी बघायला आले तेव्हा एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात ‘रोजचा वापर’ असा रकाना आहे. मी सांगितलं, साताऱ्यात घर ते शाळा आणि परत, वाटेत बाजार, सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर. महिन्यातून एकदोनदा फलटणला माहेरी. तुमच्या विक्री प्रतिनिधीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाला, “मग डिझेलच घ्या मॅडम, मायलेज बघा!” शेजारी त्याच किमतीची पेट्रोल गाडी उभी होती. तिच्याकडे त्यानं मला नीट बघूही दिलं नाही.

२०२० च्या एप्रिलपासून देशात बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला. डिझेल गाडीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली आणि ती पाळायला प्रत्येक डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर ही डीपीएफची जाळी बसली. जाळीत काजळी साठते. ती जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि तेवढं तापमान येण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळावी लागते. शाहूपुरी ते पोवई नाका, पोवई नाका ते सदरबझार, एवढ्यात इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्यावर येईपर्यंत माझी शाळा येते. हे मला आता कळलं आहे. तुमचा धंदाच हा आहे, तुम्हाला त्या रकान्यातला आकडा वाचूनच कळायला हवं होतं. बाकी काही नाही तर तो रकाना फॉर्ममधून काढून टाका, शाई तरी वाचेल.

पण माझी मुख्य तक्रार ही नाही. चुकीची गाडी गळ्यात मारणं ही बाजारातली जुनी रीत आहे आणि एवढ्यावर मी कदाचित भांडलेही नसते.

पहिल्याच महिन्यात डीपीएफचा दिवा लागला. तुमच्या नंबरावर फोन केला. सांगण्यात आलं, “हायवेला फिरवून आणा.” आणली. आनेवाडीचा टोल भरून पाचवडच्या पुढे जाऊन आले, गिअर खाली ठेवून, अडीच हजार आरपीएमवर, अगदी सांगितल्याप्रमाणे. दिवा गेला. आठवड्यात परत लागला. परत फोन, परत “हायवेला फिरवून आणा.” दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि दर वेळी शेवटी तोच हायवे. यानंतर गाडी ओढेनाशी झाली, बोगद्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येही जीव टाकायला लागली, तेव्हा मी ती इथल्या आमच्या फिटरकडे नेली.

त्यानं आधी डिपस्टिक काढली. ऑइल कमी झालेलं नव्हतं, वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलेलं होतं. वास घ्यायला लावला. डिझेल. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल मारतं, जाळणं मधेच तुटलं की त्यातलं काही खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि असं पातळ झालेलं ऑइल टर्बोचं आणि बेअरिंगचं काय करतं हे तुमच्या तांत्रिक विभागाला विचारा, असा विभाग असेल तर. अशा अवस्थेतली गाडी तुमची माणसं मला फोनवरून ‘जोरात पळवा’ म्हणत होती. एकानंही ‘आधी ऑइल बघा’ म्हटलं नाही. एकानंही!

मग त्यानं स्कॅनर लावला. इथून पुढचा परिच्छेद कृपया तुमच्या कायदेशीर सल्लागाराला दाखवा.

स्कॅनरवर एक आकडा दिसतो : कोड, म्हणजे गाडीनं स्वतः केलेल्या दोषांच्या नोंदी, पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तुमच्या डिलिव्हरीच्या कागदावर मीटर ५८,२१४ आहे. स्कॅन केलं तेव्हा मीटर ५९,४६२ होतं. म्हणजे माझ्याकडे गाडी १,२४८ किलोमीटर चालली. कोड पुसल्यापासूनचं अंतर निघालं १,२५९. म्हणजे मला किल्ली देण्याच्या अकरा किलोमीटर आधी तुमच्याकडे कोणीतरी गाडीच्या मेंदूतली दोषांची नोंद पुसली. या स्कॅनआधी मी किंवा दुसऱ्या कोणी स्कॅनर लावलेला नव्हता. बॅटरी काढली म्हणून आकडा शून्यावर गेला असेल असं म्हणायची सोय तुम्हाला आहे, पण तुमच्याच अहवालात ‘बॅटरी मूळची, स्थिती उत्तम’ असं लिहिलेलं आहे. निरोगी गाडीचे कोड कोणी पुसत बसत नाही. ताप मोजायचा, थर्मामीटर झटकायचा आणि कागदावर ‘ताप नाही’ लिहायचं, यालाच तुम्ही तपासणी म्हणता काय?

आणि ऑइल. बॉनेटखाली तुमच्या ‘मोफत सर्व्हिस’चं स्टिकर आहे, त्यावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात १५डब्ल्यू-४०, सीआय-४. हे ट्रक-ट्रॅक्टरचं ऑइल, जाळी येण्याच्या आधीच्या काळातलं. गाडीच्या पुस्तिकेत कमी राखेचं ५डब्ल्यू-३० घालायला सांगितलं आहे, कारण काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत बसते ती बसतेच. पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात होती, प्लास्टिकच्या पाकिटासकट. पाकीट कोणी उघडलेलं नव्हतं.

अधिकृत वर्कशॉपनं नव्या डीपीएफचं अंदाजपत्रक १,१२,००० रुपयांचं दिलं आहे, ऑइल आणि मजुरी वेगळी. तुमच्या वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स येतात. तुमचं उत्तर : डीपीएफ हा झिजणारा भाग आहे, ब्रेक पॅड आणि वायपरसारखा. साठ हजाराच्या आत? वायपर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, साहेब.

आता तो फोन.

समोरच्या मुलाचं नाव लिहीत नाही. पोरगं नोकरी करतंय, त्याला जे पढवलंय तेच बोलतंय. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, ‘गुणवत्तेसाठी’ ठेवता म्हणे.

मी त्याला वरचे आकडे सांगितले. ५८,२१४, ५९,४६२, १,२५९, एकेक करून. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “मॅडम, डिझेल गाडीला थोडा आवाज असतो.” मी आवाजाबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. परत सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, ही तुमची पहिलीच गाडी का?” म्हटलं, हो, त्याचा कोडशी काय संबंध? तर म्हणतो, “नाही, ते जरा टेक्निकल आहे. मिस्टर आहेत का घरात? मिस्टरांना फोन देता का?”

मी गेली बावीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ज्वलन, अपूर्ण ज्वलन, कार्बनची काजळी, हे सगळं दरवर्षी जूनपासून नव्यानं. आमच्या ह्यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, स्कूटरसुद्धा सोडून दिली, पायी फिरतात. तरी म्हटलं, घ्या, बघूया. स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते पेपर वाचत होते.

त्या मुलाचा आवाज एकदम बदलला. “हां सर, नमस्कार सर, कसं आहे सर, मॅडमना जरा समजत नाहीये.” मग मला जे सांगितलं नव्हतं ते त्यानं ह्यांना सांगितलं. “सर, आपल्यात सांगतो, नवीन डीपीएफच्या भानगडीत पडू नका. आतली जाळी काढून पोकळ करून घ्या, ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, रीमॅप करून घ्या, दिवा कधीच लागणार नाही. पुण्यात पंधरा-वीस हजारांत करून देतात. पिकअप पण वाढेल.” हे सगळं ऐकून आमचे हे म्हणाले, “डीपीएफ म्हणजे काय?” तो म्हणाला, “सर, ते सायलेन्सरमध्ये असतं.” हे म्हणाले, “असेल. थांबा, त्यातलं जिला कळतं तिला देतो.” आणि फोन परत माझ्याकडे.

मी हातात घेईपर्यंत फोन कट झालेला होता.

घरात यावर हसून झालं. माझं हसणं लवकर संपलं. जाळी काढून टाकणं हा गाडीत बेकायदा बदल आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. प्रदूषणाच्या मर्यादा मोडून गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९०(२) नुसार दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर गदा. दंड मालकाला, म्हणजे मला. तुमची कंपनी स्वतःच्या रेकॉर्डिंग होत असलेल्या नंबरावरून गिऱ्हाइकाला गुन्हा करायला सांगते, तोही बाईला नाही, ‘मिस्टरांना’. आणि मी वर्गात मुलांना हवेच्या प्रदूषणाचा धडा शिकवून, पोकळ सायलेन्सरचा काळा धूर सोडत फाटकातून बाहेर पडायचं!

मालकावरून आठवलं. कागदोपत्री मालक मी अजूनही नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या डिलिव्हरीच्याच दिवशी घेतल्या, हस्तांतराचे पैसे घेतले, आणि आरसी आजही मुंबईच्या आधीच्या मालकांच्या नावावर. इन्शुरन्सही त्यांच्याच नावावर. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचं असतं, ते ‘आमची टीम करेल’ असं तुम्ही म्हणालात. उद्या कोणी ठोकलं तर माझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा कोणी? त्या मुंबईच्या गृहस्थांनी? ते बिचारे माझ्या चलनांचे मेसेज वाचत असतील.

तुमच्याकडून गाडी घेतली ती एवढ्याचसाठी. ओळखीतल्या एजंटाकडून चाळीस हजारांनी स्वस्त मिळत होती. पण तिथे मीटर फिरवतात, दोष झाकतात, कागद अडकतात असं ऐकलं होतं. म्हटलं, कंपनी आहे, छापील अहवाल आहे, चाळीस हजार जास्त गेले तरी झोप शांत लागेल. एजंट निदान आमच्याच पेठेत राहतो, त्याच्या दारात जाऊन बसता तरी आलं असतं. तुमच्या दारात ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ही बाई बसलेली आहे आणि तिला उठवता येत नाही.

मला काय हवं ते सांगते. एक तर गाडी परत घ्या आणि ६,८५,००० रुपये हस्तांतराच्या पैशांसह परत करा. नाही तर अधिकृत वर्कशॉपमध्ये, मूळ कंपनीचा नवा डीपीएफ तुमच्या खर्चानं बसवून द्या, ऑइल आणि फिल्टर योग्य दर्जाचे घाला, टर्बो आणि इंजेक्टर तपासून लेखी अहवाल द्या, आणि इंजिनची वॉरंटी त्या दिवसापासून नव्यानं सुरू करा. दुसरीकडून काढलेला, धुऊन आणलेला किंवा पोकळ केलेला डीपीएफ चालणार नाही. आरसी आणि विमा दोन्ही प्रकारांत वेगळं, आधी. तुमचं ‘सदिच्छा म्हणून पाच हजारांचं सर्व्हिस कूपन’ मी परत पाठवत आहे. तेही तुमच्याच वर्कशॉपमध्ये वापरायचं होतं, जिथे सीआय-४ घालतात.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर लेखी हवं. फोन नको. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार आजच नोंदवत आहे. पंधरा दिवसांनंतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानं मी राहते तिथे दावा लावता येतो, पुण्याला हेलपाटे मी का मारू? पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी दोनशे रुपये आहे, तेवढे माझ्याकडे आहेत. स्कॅनच्या पडद्याचे फोटो, डिलिव्हरीचा कागद, स्टिकरचा फोटो, सहीचा फॉर्म आणि अंदाजपत्रक ई-मेलला जोडलं आहे. मूळ प्रती माझ्याकडेच राहतील. आजच्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, ते आयोगापुढे मागवून घेणार आहे. ‘सापडत नाही’ म्हणालात तर ते कधी पुसलं हेही विचारीन.

गाडी फिटरच्या शेडमध्ये उभी आहे, ऑइल तसंच ठेवलं आहे, कोणाला हात लावू दिलेला नाही. तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर शाळा सुटल्यावर यावं, मी समोर असेन. त्याला डिपस्टिक वाचता येत असावी.

आपली,
वरील बुकिंगची ग्राहक, सातारा

ता. क. दुसरी किल्ली ‘दोन दिवसांत कुरिअरनं’ येणार होती. तीही अजून आलेली नाही.