शिकवणारा आधी कुठे काम करत होता, हे विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

भोसरी, चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांत मेंटेनन्स सांभाळणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. तुमच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही जे शिकलो त्याबद्दल शिकवणाऱ्या सरांचे आभार आम्ही समक्ष मानलेच. पण ही माणसं निवडली तुम्ही. कोण कोणत्या कामातून आला आहे हे बारकाईनं पाहून तुम्ही त्यांना एका छताखाली आणलंत. त्याबद्दल जाहीरपणे धन्यवाद द्यायचे राहून गेले होते.

आयटीआयच्या अभ्यासक्रमात शिक्षकाची पात्रता लिहिलेली असते. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव, डिप्लोमा असेल तर दोन वर्षांचा, ट्रेडचं प्रमाणपत्र असेल तर तीन वर्षांचा, आणि सोबत शिक्षक-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. त्यात आणखी एक अट आहे, तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. दोन शिक्षक असतील तर एक पदवी किंवा डिप्लोमावाला हवा आणि दुसरा ट्रेड केलेला हवा. ही अट तुम्ही मनावर घेतलीत. मुलाखतीत ‘किती वर्षं नोकरी केली’ यापेक्षा ‘कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, उघडायला कोण होतं आणि जोडायला कोण’ असं तुम्ही विचारता, हे सगळ्याच सरांनी सांगितलं. मेंटेनन्समध्ये अनुभवाचं मोजमाप असंच करायला हवं. वीस वर्षं फक्त पार्ट बदलणारा माणूस आणि पाच वर्षं पार्ट का गेला हे शोधणारा माणूस, यांत वर्गाला दुसरा जास्त उपयोगी पडतो.

गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटर सरांचंच घ्या. ६३०८ नंबरचं बेअरिंग हातात घेऊन ते आधी नंबर वाचायला लावतात. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे भोक ४० मिलिमीटर. मग शाफ्ट, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसतं तो फिरणारा दांडा, मायक्रोमीटरनं मोजायचा, तोही दोन-तीन ठिकाणी आणि फिरवून. त्यानंतर इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवायचं, १२० च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि गॅसची ज्योत तर कधीच लावायची नाही. हीटरवरून उतरवण्याआधी चुंबकत्व काढलं की नाही ते पाहायचं, नाहीतर लोखंडाचा बारीक कीस आत चिकटून बसतो. शाफ्टवर सरकवलं की शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे त्याच्या जाड पायरीला, टेकवून पकड येईपर्यंत दाबून धरायचं, कारण थंड होताना रिंग रुंदीतही आकसते आणि खांद्यापाशी फट राहते. ही शेवटची गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. सरांनी मुद्दाम न दाबता एक बेअरिंग थंड होऊ दिलं आणि त्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती घालून दाखवली.

ठोकून बसवलं तर काय होतं, हे त्यांनी कापलेल्या बेअरिंगवर दाखवलं. शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर मार दिला की तो गोळ्यांमधून आत पोचतो आणि धावेवर, म्हणजे गोळ्या जिच्यातून फिरतात त्या खाचेवर, गोळ्यांच्याच अंतरानं खळगे पडतात. मशीन त्या दिवशी व्यवस्थित चालतं. आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो, आणि तोवर दोष ग्रीसवर ढकलला गेलेला असतो.

आयएनएस शिवाजीत शिकून नौदलात इंजिनरूम सांभाळलेले सर अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं, शिकवतात. लोणावळ्याच्या त्या प्रशिक्षणाची शिस्त त्यांच्या नोंदवहीत दिसते. मोटरचा एकेक पाय सैल करून त्यावर डायल गेज लावायचा, काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाय नीट बसलेला नाही असं धरायचं आणि कपलिंगला, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाला, हात लावण्याआधी ते दुरुस्त करायचं. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) नकोत, ढीग झाला की तो स्प्रिंगसारखा दबतो. त्यांचा खरा धडा गरम पंपाचा. पंपाचा मध्य पायापासून अर्धा मीटर उंच असेल आणि आधाराचं तापमान ४० अंशांनी वाढलं तर पोलाद जवळपास पाव मिलिमीटर वर उचललं जातं. म्हणून थंड असताना मोटर तेवढी उंच ठेवायची. बोटीवर गरम आणि थंड यंत्रांतला फरक रोजचा असतो. थंडच यंत्र पाहिलेल्या माणसाला हे सुचत नाही.

साखर कारखान्यातून आलेल्या सरांबद्दल आधी आम्हाला शंका होती, हे मान्य करायला हवं. सीएनसीच्या शहरात उसाच्या मिलचा माणूस काय शिकवणार, असं वाटलं होतं. पण नियोजन शिकावं तर त्यांच्याकडून. गाळप हंगामात मशीन थांबवता येत नाही, म्हणून दुरुस्तीची यादी चालू मशीनवरच तयार होते: कुठे कंप वाढला, कोणतं बेअरिंग हाताला किती गरम लागतं, कोणत्या सीलमधून तेल झिरपतं. हंगाम संपला की उघडायचं, पण उघडण्याआधी मोजायचं. गिअरच्या दातांवर निळा रंग लावून फिरवायचं. ठसा दाताच्या एकाच टोकाला उमटला तर शाफ्ट समांतर नाहीत आणि नुसता गिअर बदलून काही साधणार नाही. उघडल्यावर पुरावा जातो, हे त्यांचं वाक्य आमच्या वर्कशॉपच्या फळ्यावर आहे.

या सगळ्यांना एकत्र आणल्याचा फायदा आम्हाला एका मोटरवर प्रत्यक्ष पाहायला मिळाला. व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या मोटरचं बेअरिंग कापलं, तर बाहेरच्या रिंगच्या धावेवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा होत्या. फिटर सरांनी ग्रीस बोटांवर घेतलं, ते काळं पडलं होतं. बसवण्यात चूक असती तर खळगे असते, रेघा नसत्या, एवढं सांगून ते म्हणाले, ‘हा माझा विषय नाही, ड्राइव्हवाल्या सरांना बोलवा.’ ते सर मशीन टूल कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. त्यांनी समजावलं की ड्राइव्हच्या जलद स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होतं, ते ग्रीसचा पातळ थर फोडून बेअरिंगमधून जमिनीकडे जातं आणि प्रत्येक ठिणगीला धातूचा कण उडतो. उपाय म्हणजे शाफ्टला अर्थिंग रिंग, मोठ्या मोटरला एका टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग, आणि ड्राइव्हपासून मोटरपर्यंत शिल्डेड केबल, दोन्ही टोकांना नीट अर्थ केलेली. नुसतं बेअरिंग बदलत राहिलं असतं तर तेच बेअरिंग पुन्हा पुन्हा गेलं असतं. स्वतःचा विषय कुठे संपतो हे वर्गासमोर सांगणारा शिक्षक मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

त्याच सरांनी पॅनल उघडण्याची सवय बदलली. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये मुख्य स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरवर सुमारे ५८० व्होल्ट डीसी राहतात. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायचं, आणि तरीही मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही. हायड्रॉलिक्सचंही तसंच: पंप बंद झाला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीत, दाब असतो, तो सोडल्याशिवाय नट सैल करायचा नाही, आणि त्यात नायट्रोजनच भरायचा, ऑक्सिजन कधीही नाही.

शिकवणाऱ्यांतल्या डिप्लोमावाल्या मॅडमचं नाव वेगळं घ्यायला हवं, कारण बाकीच्यांच्या हातातलं ज्ञान त्या आकड्यांत बसवतात. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश उरतं, हे त्यांनी मांडल्यावर पट्टा गरजेपेक्षा ताणून बांधण्याची किंमत सगळ्यांना कळली. शिवाय शिकवण्याची पद्धतही त्यांच्याकडेच नीट आहे: तयारी, करून दाखवणं, करून घेणं, तपासणं. कसलेल्या फिटरचा हात बोलण्याच्या पुढे पळतो. मॅडम त्यांना मध्येच थांबवून ‘आता परत, सावकाश’ म्हणतात, आणि फिटर सर ते ऐकतात.

एक विनंती आहे. पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमचा कंट्रोलर) आणि न्यूमॅटिक्स (दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा) यांसाठी नवीन शिक्षक घेणार असाल तर लाइन उभी करून सुरू करून दिलेला माणूस पाहा, नुसता प्रोग्रॅम लिहिणारा नको. सेन्सर जागेवरून दोन मिलिमीटर सरकला तर लाइन का थांबते, हे त्याला ठाऊक असतं. आणि फिटर सरांच्या शेजारी एखादा तरुण शिक्षक कायम बसू द्या. आमच्याकडून खराब झालेली बेअरिंग, कपलिंगची रबरं आणि जळालेले काँटॅक्टर केंद्राला कापून दाखवायला पाठवत राहू. प्रत्येकावर मशीन, ते किती तास चाललं आणि कोणतं ग्रीस वापरलं होतं, हे लिहिलेलं असेल.

आपले,
मेंटेनन्स विभागातले सगळे
भोसरी, पुणे