डेमो चालतो, वसुली अडते

संपादक महोदय,

स्टार्टअपची चर्चा भांडवल आणि अ‍ॅप यांच्यापुढे क्वचितच सरकते. विकसनशील देशांत डिजिटल तंत्रज्ञानाने मोठा फरक पाडला तो मात्र छोटी रक्कम वसूल करण्याच्या खर्चात. केनियात 2007 साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनच्या सिम-मेनूवर सुरू झाली. हप्त्यासाठी दारोदार माणूस पाठवायची गरज उरली नाही, म्हणूनच 2012 मध्ये एम-कोपा या कंपनीला सौरसंच रोजच्या हप्त्यावर विकता आले. हप्ता थांबला की संचातल्या सिममार्फत तो दुरून बंद करता येतो.

अशा धंद्याची नक्कल सोपी वाटते, पण घोडे अडते ते पोचपावतीवर. पैसे वळते होतात आणि उत्तर येण्याआधी नेटवर्क जाते. अ‍ॅप ‘व्यवहार फसला’ सांगते, ग्राहक पुन्हा बटण दाबतो, पैसे दोनदा कापले जातात. हे टाळायचे तर व्यवहार क्रमांक फोनवरच, विनंती पाठवण्यापूर्वी तयार करून साठवावा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जावा आणि सर्व्हरने तो दुसऱ्यांदा नोंदवू नये. उत्तर आले नाही, तर स्थिती ‘अनिर्णित’ ठेवून चौकशी करावी. ‘फसला’ म्हणू नये. पुनर्प्रयत्न 2, 4, 8 सेकंदांनी, त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवून करावेत. नाहीतर नेटवर्क परतताच सगळे फोन एकदम धडकतात आणि सर्व्हर झोपतो. आपल्या आणि पैसे वळते करणाऱ्या सेवेच्या नोंदींचा रोजचा ताळमेळ वेगळाच. त्याला पर्याय नाही.

स्टार्टअप स्पर्धांच्या परीक्षकांनी व्यवहार अर्ध्यावर असताना फोन विमानमोडवर टाकून पाहावा. वायफायवरचा डेमो सगळ्यांचाच छान चालतो.

जिथे नेटवर्कच नाही, तिथे प्रीपेड विजेच्या मीटरची युक्ती आहे: ग्राहक 20 अंकी टोकन कीपॅडवर दाबतो. टोकन त्या मीटरच्या किल्लीने, म्हणजे गुप्त संकेताने, कूटबद्ध असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या मीटरवर चालत नाही आणि एकदा वापरलेले पुन्हा चालत नाही. यासाठीच्या एसटीएस या मानकात वेळ 1993 पासूनच्या मिनिटांत, 24 बिटांत, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच, मोजली होती. ती मोजणी 24 नोव्हेंबर 2024 ला संपली. मोजणी नव्याने सुरू व्हावी म्हणून त्याआधी जुन्या मीटरांत किल्ली बदलणारी जादा टोकन एकेक करून भरावी लागली, आणि ज्यांत भरली गेली नाहीत ते नवे रिचार्ज घेईनात. टोकनवर चालणारे कोणतेही उपकरण विकणाऱ्या नवउद्योजकाने किल्ल्या कोणाच्या ताब्यात राहतील आणि बदलाचा खर्च कोण उचलेल, हे पुरवठादाराशी करारातच लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक