ग्रोल्स मोजून अल्बम ठरवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी पेपरात हेवी मेटल संगीतावर अर्धं पान येणं हीच आमच्यासाठी दिवाळी, त्यामुळे तुमच्या रविवारच्या पुरवणीत ओपेथ या स्वीडिश बँडवर लेख आला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून त्याच पानाचा फोटो फिरत होता. पण नंतर त्यावर जी वाचकांची पत्रं छापून आली ती वाचून राहवलं नाही. एकानं लिहिलं की हा बँड २०११ लाच संपला, आता पैशासाठी परत ओरडायला लागला. दुसऱ्यानं लिहिलं की मधली सगळी वर्षं किती छान, ऐकण्यासारखी गाणी करत होते, आता त्या राक्षसी आवाजाकडे परत कशाला वळायचं. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलून राहिलेत असं वाटतं खरं, पण दोघांचं माप एकच आहे, गाण्यात गुरगुरणं आहे की नाही. बस, त्याच्यापुढे कोणी जातच नाही.

ज्यांनी हा बँड ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओपेथ स्टॉकहोमचा, पहिला अल्बम १९९५ चा, गाणारा, गिटार वाजवणारा आणि जवळपास सगळं लिहिणारा माणूस एकच, मिकाएल ओकरफेल्ट. खर्जातला तो घोगरा आवाज, ज्याला आम्ही ग्रोल म्हणतो, आणि त्याच गाण्यात पुढे एकदम सुरेल गाणं नि अकूस्टिक गिटार, ही यांची ओळख. दहा-बारा मिनिटांची गाणी नेहमीचीच, १९९६ च्या मॉर्निंगराइजवर तर एक गाणं वीस मिनिटांचं आहे. २००१ ला ब्लॅकवॉटर पार्क आला, ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सननं प्रोड्यूस केलेला, आणि इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर आमच्यासारख्यांच्या कम्प्युटरपर्यंत हा बँड पोचला तो याच अल्बमनं. मग २०११ ला हेरिटेज आला, एकही ग्रोल नाही. पुढचे तीन अल्बम, पेल कम्युनियन, सॉर्सरेस आणि इन कॉडा व्हेनेनम, तसेच. आणि नोव्हेंबर २०२४ ला द लास्ट विल अँड टेस्टामेंट आला त्यात ग्रोल्स परत. एवढीच कुंडली, भांडण यावरच चाललंय.

आता माझं म्हणणं. हेरिटेजमध्ये ग्रोल्स गेले म्हणून साउंड बदलला असं लोक धरून चालतात, ते उलटं आहे. साउंड बदलला म्हणून ग्रोल्सना जागा उरली नाही. हेडफोन लावून ऐका. सुरुवातच एकट्या पियानोनं होते. पुढे गिटारवरचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका नि जाड करणं, कमी केलेलं, ड्रम कोरडे, खोलीत बसून कोणी वाजवतंय असे, बास गिटारची एकेक नोट वेगळी कळते. ग्रोलला म्हटलं तर सूर नसतोच, स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात त्या कंपन पावून तो आवाज निघतो, जोर पोटातल्या श्वासाचा असतो, गळा फाडून ओरडलं तर दोन गाण्यांत आवाज बसतो. असा आवाज गाण्यात ड्रमसारखं काम करतो, त्याच्यामागे गिटारची जाड भिंत लागते, नाहीतर तो उघडा पडतो आणि कॉमेडी वाटतो. ती भिंत एकदा काढली की ग्रोल ठेवायचा कुठे? आपल्याकडे तर्री जास्त झाली की खालचा पोहा लागत नाही, डिस्टॉर्शनचं तसंच आहे, या माणसाला त्या वेळेस खालचा पोहा दाखवायचा होता.

बरं तो पोहाही काही बाजारात खपणारा नव्हता. ओकरफेल्ट जुन्या रेकॉर्ड्स जमवणारा माणूस, सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकचा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉकचा वेडा. हेरिटेजमध्ये बासरी आहे, मेलोट्रॉन आहे. मेलोट्रॉन म्हणजे असा कीबोर्ड की ज्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याची रेकॉर्ड केलेली टेप असते, पट्टी दाबली की टेप फिरते आणि आठेक सेकंदांत संपते, मग पट्टी सोडून परत दाबा. २०११ ला रेडिओवर वाजायचं म्हणून कोणी या भानगडीत पडत असेल असं मला नाही वाटत. कव्हरसुद्धा बघा, एका झाडाला बँडवाल्यांची डोकी फळांसारखी लागलीयत आणि एक डोकं खाली पडतंय, ते बँड सोडून चाललेल्या कीबोर्डवाल्याचं, पेर विबेरीचं. हे काय सगळ्यांना खूष करायला निघालेल्या माणसाचं कव्हर आहे का?

आणि पैशाचाच आरोप करायचा तर निदान सगळ्यांना सारखा लावा. २००३ चा डॅम्नेशन अख्खा बिनग्रोलचा आहे, हळू, उदास, मेलोट्रॉन त्यातही भरपूर, तरी कट्टर फॅनसुद्धा त्याचं नाव आदरानं घेतात. का? तर तो आणि डिलिव्हरन्स एकाच वेळेस रेकॉर्ड झाले होते, डिलिव्हरन्स २००२ ला आधी आला आणि तो पार जड होता. म्हणजे आधी पोटभर जड खाऊ घातलं तर नंतरचं हलकं चालतं, नुसतं हलकं वाढलं की माणूस विकला गेला! मला तरी हे तर्कट काही केल्या समजत नाही.

विकले गेले हा शब्द मेटलमध्ये किती स्वस्त झालाय ते पाहायचं तर मेटॅलिका या अमेरिकन बँडकडे बघा. १९८४ ला दुसऱ्याच अल्बमवर त्यांनी फेड टू ब्लॅक केलं, त्यात अकूस्टिक गिटार आली, तिथूनच हा शब्द सुरू. १९९१ च्या काळ्या कव्हरच्या अल्बमनं तर कहरच झाला, बॉब रॉक प्रोड्यूसर, गाणी छोटी, वेग कमी, आणि एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खप. तिथे पैशाचा मुद्दा काढला तर निदान हिशेब तरी जुळतो. १९९६ ला लोड आला तेव्हा लोक गाण्यांइतकेच त्यांच्या कापलेल्या केसांवर चिडले होते. आणि २००३ चा सेंट अँगर, पुन्हा रागीट, पुन्हा जड, म्हणजे लोकांना पाहिजे तेच ना? पण त्यात एक गिटार सोलो नाही आणि स्नेअर ड्रमची खालची तार सैल सोडलेली, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. त्यावर आजही शिव्या पडतात. मला स्वतःला तो अल्बम अर्ध्याच्या पुढे जात नाही. पण त्याला विकले गेले कोणी म्हणत नाही, कारण ओरडा जागेवर आहे. बघा, माप पुन्हा तेच.

आता नागपुरातली गोष्ट. आमच्या ग्रुपात एक दोस्त हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवतो, कॉलेजात ड्रम वाजवायचा. त्याच्या मते ओपेथ २०११ ला नाही, २००६ लाच संपला, मार्टिन लोपेझनं ड्रम सोडले तेव्हा. म्हणतो, ‘‘अबे त्याचा हात हलका होता, जड गाण्यातही झुलवत होता बे, नंतरचे सारे ठोकतात.’’ याच्याशी मी कितीही भांडलो तरी याचं दुखणं मला खरं वाटतं, कारण हा माणूस ऐकून बोलतो. डिलिव्हरन्स नावाच्याच गाण्याच्या शेवटची ती दोन-तीन मिनिटं, गिटारचा एकच तुकडा परत परत आणि खाली ड्रम बदलत जातात, ती तो टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतो आणि मग आपलं तोंड बंद होतं. धरमपेठेतली एक मैत्रीण शास्त्रीय शिकलेली, ग्रोल लागला की गाणं पुढे सरकवते, पण पेल कम्युनियनमधल्या एकावर एक चढलेल्या आवाजांसाठी तो अल्बम तिला पाठ आहे. आणि माझा भाचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तो २०२४ च्या अल्बमवरूनच आत आला. हेरिटेज ऐकवला तर म्हणे, ‘‘मामा, हे तर तुमच्या पिढीच्याही आधीचं वाटते.’’ बरोबर बोलला, ते तसंच वाटायला पाहिजे होतं. पाच माणसांत सहा मतं, चहा थंड होतो, पण कोणीच मत देताना ग्रोल मोजत नाही. या ग्रुपातले दोघं-तिघं २०१९ ला पुण्याला एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला जाऊन यांना बघूनही आले. त्याच्या आधी २००९ ला चेन्नईला आयआयटीच्या सारंग महोत्सवात ते येऊन गेलेले. विदर्भाच्या वाट्याला काही नाही, असो, तो वेगळा अनुशेष.

आता नव्या अल्बमबद्दल, कारण त्यावरच जास्त धुरळा उडालाय. ‘जुना ओपेथ परत आला’ म्हणणाऱ्यांनी तो शांतपणे ऐकला का हा मला प्रश्नच पडतो. गोष्ट अशी, पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, घरातला कर्ता म्हातारा गेलाय आणि वारस त्याचं मृत्युपत्र ऐकायला जमलेत, एकेका कलमात घरातलं एकेक गुपित बाहेर निघतं. गाण्यांना नावंच नाहीत, कोर्टाच्या कागदावर असतात तशी कलम एक, कलम दोन, सातपर्यंत. शेवटच्या एका गाण्यालाच काय ते नाव आहे. ज्यांनी भावकीत वाटणीची बैठक पाहिलीय त्यांना हे समजायला स्वीडिश असायची गरज नाही. आणि यात ग्रोल बहुतेक करून त्या मेलेल्या बापाचा आवाज आहे. तो गेला तरी घर त्याच्याच धाकात आहे, म्हणून तो आवाज तसा. मधे जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडचा इयान अँडरसन नुसतं वाचून दाखवतो, बासरीही वाजवतो, आणि शेवटच्या, नाव असलेल्या गाण्यात ग्रोल औषधालाही नाही. आता सांगा, हा पैशासाठी घातलेला ओरडा आहे का? तिथे ग्रोल नसता तर मला उलट चुकल्यासारखं वाटलं असतं.

आणि हा जुना ओपेथ आहे का? तर नाही. एकही गाणं आठ मिनिटांच्या वर जात नाही, जुन्या हिशेबात हे बाळंच. व्हायोलिनचा ताफा आहे, मधल्या अल्बमांमधला तो मेलोट्रॉनचा आणि सत्तरच्या दशकाचा वास जसाच्या तसा आहे, ड्रमवर नवा माणूस आहे, फिनलंडचा वाल्टेरी वायरिनेन, आणि तो इतकं बारीक वाजवतो की आमचा हिंगण्याचा दोस्तही एकदा ‘‘बरा आहे’’ म्हणाला, म्हणजे समजा. हेरिटेज झाला नसता तर हा अल्बम झालाच नसता हे माझं ठाम मत आहे. ग्रोल परत आला तो त्या उघड्या, हवेशीर साउंडमध्ये आला, दोन ओळींसाठी येतो, निघून जातो, मागे भिंत कमी आणि तरी कॉमेडी वाटत नाही, हे त्यांना २००१ ला जमलं नसतं. तक्रारीला जागा आहे, नाही असं नाही. मला स्वतःला वाटतं की गाणी फार दाटीवाटीची झालीयत, एक चाल मनात बसायच्या आत दुसरी येते, आणि दोन-तीन कलमं तर वेगळी ओळखू यायलाच खूप वेळ लागला. यावर कोणी पत्र लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

हे वाद आपल्याला नवे आहेत असंही नाही. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या हॉलला आपण वसंतराव देशपांड्यांचं नाव दिलं, त्या वसंतरावांनी इथे नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे सुरुवात केली, पुढे लाहोरला जाऊन असद अली खाँकडे शिकले, आणखीही कितीकांकडून घेतलं, आणि मग जाणकार म्हणवणारे विचारत बसले की यांचं घराणं कोणतं. गायकी ऐकायची सोडून शिक्का शोधायचा ही खोड मेटलवाल्यांनी काही स्टॉकहोमहून आणलेली नाही.

दोन्ही पत्रलेखकांना एवढीच विनंती. ज्यांना ग्रोल सहन होत नाही त्यांनी डॅम्नेशन ऐका आणि लगेच नव्या अल्बमचं शेवटचं गाणं ऐका, मधे एकवीस वर्षं आहेत. ज्यांच्यासाठी बँड २०११ ला मेला त्यांनी हेरिटेज एकदा फक्त बासकडे लक्ष देऊन ऐका, मार्टिन मेंडेझ वाजवतो, १९९७ पासून तोच आहे. नाही आवडलं तर नाही आवडलं, पण मग काय नाही आवडलं ते नीट लिहा, आम्हाला भांडायला तेवढंच बरं.

आणि साहेब, एक शेवटचं. तुमच्या त्या लेखासोबत छापलेला चार जणांचा फोटो ओपेथचा नाही. ओपेथमध्ये सध्या पाच जण आहेत आणि त्यातल्या एकानंही तोंडाला पांढरा रंग फासलेला नसतो. ग्रुपवर दोन दिवस लेखापेक्षा त्या फोटोचीच चर्चा होती, दुरुस्ती छापली तर बरं होईल.

आपला नियमित वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर