घर रिकामे झाले, आजार राहिला

मा. संपादक महोदय,

गणपतीच्या तोंडावर आपल्याकडे घरोघरी माळे उतरवले जातात. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुतण्यांनी बेळगावच्या शहापुरातील आमच्या काकूंचे घर असेच एका दिवसात रिकामे केले. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, तुटक्या छत्र्या, जुन्या लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्रांच्या थप्प्या यांतून ओट्यापर्यंत जायला वाट उरली नव्हती, आणि काकू अंथरूण सोप्यात टाकत. दोन टेम्पो भंगार गेले, तेव्हा आम्हाला कोण धन्यता वाटली! काकू मात्र कित्येक दिवस धड जेवल्या नाहीत, आणि वर्ष उलटायच्या आत घर पुन्हा भरले.

हा चिकटपणा नव्हे की आळसही नव्हे, हे आम्हाला डॉक्टरांकडून फार उशिरा कळले. पूर्वी मंत्रचळाचेच (ओसीडीचेच) एक लक्षण मानली जाणारी, वस्तू टाकवत नसल्याने त्या साचवत राहण्याची ही अवस्था अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून नोंदवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तिला स्वतंत्र स्थान आहे. इंग्रजीत तिला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात; मराठीत मात्र तिला रुळलेले नाव नाही. ‘साठेबाज’ म्हटले की कांद्याचा व्यापारी आठवतो आणि ‘होर्डिंग’ म्हटले की चौकातला पुढाऱ्यांचा फलक.

खानापूरकडे पावसाळ्याआधी सरपण रचणे किंवा उन्हाळ्यात पापड-सांडग्यांची बेगमी करणे म्हणजे हा आजार नव्हे. जुनी नाणी जमवणारा ती लावून ठेवतो आणि चार लोकांना हौसेने दाखवतो. या विकारात वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकण्याच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो, आणि साचत गेलेल्या सामानामुळे स्वयंपाकघरात स्वयंपाक करणे वा खाटेवर झोपणेही अशक्य होते. बहुधा तरुणपणीच सुरू होणारी ही सवय वयाबरोबर बळावते, अनेकांना जोडीला नैराश्यही असते, आणि आपल्याला काही झाले आहे हेच कित्येकांना पटत नाही. त्यामुळे उपचारासाठी घरच्यांनाच पुढाकार घ्यावा लागतो.

वस्तू का सोडवत नाही, हे रुग्णाशी बोलत-बोलत उलगडणारी आणि निर्णय घेण्याचा सराव देणारी वर्तनोपचार पद्धती यावर मुख्य उपाय मानली जाते. हे बोलणे रुग्णाच्या भाषेतच व्हायला हवे. सीमाभागातील वृद्ध स्त्रीला आपल्या मृत पतीच्या धोतराविषयी कन्नडमधून कसे सांगता येईल? यात भाषावादाचा प्रश्न नाही, उपचाराचा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा मूळ नमुना १९८० च्या दशकात आपल्याच कर्नाटक राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात उभा राहिला. त्याच राज्याला बेळगाव, खानापूर, निपाणी येथील सरकारी रुग्णालयांत मराठी जाणणारे समुपदेशक देणे जड जाऊ नये. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेचे नाव काढताच कुजबुज करणाऱ्या कुटुंबांना निदान १४४१६ या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या निःशुल्क क्रमांकावर घरबसल्या सुरुवात करता येईल. आपल्या पत्रानेही या विषयाला आरोग्याच्या पानावर जागा द्यावी, ही विनंती.

आता माझी पत्नी दर रविवारी काकूंकडे जाऊन त्यांच्यासमोर एकच पिशवी उघडते; काय ठेवायचे ते काकूच ठरवतात. गेल्या महिन्यात ओट्यापर्यंत वाट झाली.

आपला,
एक वाचक, बेळगाव